वाचक विचारतात : उगारलेल्या तलवारीचा भार

मागील अंकात बायबलमधील युद्धप्रसंगांवरच्या, बरोक काळातील (म्हणजे युरोपात साधारण सतराव्या-अठराव्या शतकांतील, नाट्य आणि हालचालींची आवड असलेल्या कलाशैलीच्या काळातील) छोट्या ब्राँझशिल्पांचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी मुलाकडे परदेशी गेलो असता तेथील एका संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवलेले ब्राँझचे एक छोटे शिल्प पाहिले. उंची जेमतेम हातभर असेल. एक तरुण जमिनीवर कोसळलेल्या धिप्पाड चिलखतधाऱ्याच्या अंगावर पाय रोवून उभा आहे आणि त्याने तलवार डोक्याच्या वर उगारली आहे. खाली ‘दावीद आणि गल्याथ, फ्लोरेन्स, अठराव्या शतकाचा पूर्वार्ध’ एवढेच लिहिले होते. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत दावीद गोफणगुंड्याने राक्षसाला मारतो. मग ही तलवार कोठून आली? आणि एवढा मोठा प्रसंग एवढ्याशा आकारात कशासाठी? सोबत दोन छायाचित्रे पाठवीत आहे. — एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : तलवार गल्याथाचीच आहे, आणि शिल्पकाराने मूळ कथा सोडलेली नाही. आपण ऐकलेली गोष्ट जेथे संपते, त्याच्या पुढच्याच ओळीत त्याचे शिल्प उभे आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात एलाच्या खोऱ्याच्या दोन बाजूंच्या डोंगरांवर इस्राएली आणि पलिष्टी सैन्ये समोरासमोर तळ देऊन बसली आहेत आणि गथ गावचा गल्याथ चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ खाली उतरून द्वंद्वाचे आव्हान देत आहे. दावीद तेथे लढायला आलेलाच नसतो. सैन्यात असलेल्या थोरल्या भावांसाठी बापाने दिलेले भाजलेले धान्य आणि भाकरी पोचवायला तो येतो. राजा शौल त्याला आपले चिलखत आणि तलवार देऊ करतो, पण त्या ओझ्याने त्याला धड चालताही येत नाही, म्हणून तो ते उतरवून ठेवतो आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे वेचून निघतो. पहिलाच गोटा गल्याथाच्या कपाळात रुततो. पन्नासाव्या वचनात दाविदाच्या हाती तलवार नव्हती असे मुद्दाम सांगितले आहे, आणि एक्कावन्नाव्या वचनात तो धावत जाऊन शत्रूवर उभा राहतो, त्याच्याच म्यानातून तलवार उपसतो आणि त्याचे शिर कापतो. आपण पाहिलेले शिल्प या एक्कावन्नाव्या वचनाच्या ऐन मध्यावरचे आहे : तलवार उपसून झाली आहे, घाव अजून पडायचा आहे.

हा क्षण निवडण्यातच त्या काळाची आवड दिसते. दोनातेल्लोच्या पंधराव्या शतकातील ब्राँझच्या दाविदाने शत्रूचे छाटलेले मस्तक पायाखाली घेतले आहे, आणि त्याच शतकातील वेरोक्कियोच्या दाविदाचेही काम उरकलेले आहे. तो तर जवळजवळ हसतो आहे. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला पाच मीटरांहून उंच संगमरवरी दावीद गोफण खांद्यावर टाकून अजून समोर पाहत उभा आहे, म्हणजे लढाई व्हायची आहे. बरोक शिल्पकाराला आधीचाही क्षण नको असतो आणि नंतरचाही. त्याला घटना घडत असताना पकडायची असते. बेर्निनीने १६२३-२४ मध्ये रोममध्ये घडवलेला दावीद गोफण फेकण्यासाठी कमरेतून पिळवटलेला आहे आणि त्याने ओठ घट्ट आवळले आहेत. शंभर वर्षांनंतरचा फ्लोरेन्सचा शिल्पकार त्याच्या पुढे दोन पावले जातो आणि शत्रूलाही चौथऱ्यावर घेतो. बेर्निनीचा गल्याथ प्रेक्षकाच्या पाठीमागे कोठेतरी कल्पावा लागतो. आपल्या शिल्पात तो पायाखाली पडलेला दिसतो.

गल्याथाच्या आकाराचा प्रश्न मात्र शिल्पकाराला अडचणीचा होता. प्रचलित हिब्रू पाठात त्याची उंची सहा हात आणि एक वीत, म्हणजे सुमारे २.९ मीटर आहे, तर जुने ग्रीक भाषांतर आणि मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेली एक हस्तलिखित गुंडाळी चार हात आणि एक वीत, म्हणजे दोन मीटरांच्या आसपास सांगते. शिल्पकारासमोर पहिलाच आकडा होता. पावणेदोन पट उंचीचा माणूस दाविदाशेजारी उभा केला असता, तर शिल्पात दावीद दिसलाच नसता. म्हणून राक्षस आडवा होताच प्रश्न सुटतो : त्याची उंची आता कोणी मोजत नाही, त्याचा आकार कळतो तो तळहातावरून, दंडावरून, दाविदाच्या पावलाखाली रुंदच रुंद पसरलेल्या छातीवरून. आपल्या पहिल्या छायाचित्रात गल्याथाचा डावा पंजा चौथऱ्याच्या कडेबाहेर आला आहे, तो पाहावा; दाविदाचे अख्खे पाऊल त्या पंजात मावेल. बायबलनुसार गल्याथ तोंडावर पालथा पडला. या शिल्पात तो अर्धवट उताणा आहे, एवढी सवलत शिल्पकाराने घेतली आहे, आणि ती योग्यच वाटते, कारण पालथ्या माणसाला चेहरा नसतो.

आता लहान आकाराविषयी. ही शिल्पे देवळासाठी वा चौकासाठी नव्हती. ती दालनातील मेजावर किंवा कपाटावर ठेवायची, जवळ जाऊन पाहायची आणि फिरवून फिरवून पाहायची वस्तू होती. इटलीतील फ्लोरेन्समध्ये ही परंपरा सोळाव्या शतकात जांबोलोन्या या शिल्पकाराने रुजवली आणि तेथील सत्ताधारी मेदिची घराण्याने ती राजनैतिक भेटवस्तू म्हणूनही वापरली. आपल्या शिल्पाच्या काळाशी जवळचे, चांगले नोंदलेले उदाहरण द्यायचे तर आन्ना मारिया लुईसा दे मेदिचीचे द्यावे लागेल. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याची ही कन्या (१६६७-१७४३). तिचे लग्न जर्मनीतील पॅलेटिनेट प्रांताचा इलेक्टर (सम्राटाच्या निवडीत मत असलेला राजा) योहान विल्हेल्म याच्याशी झाले होते. १७१६ मध्ये तो वारल्यावर पुढच्या वर्षी ती ड्युसेलडॉर्फहून माहेरी परतली. १७२२ च्या सुमारास तिने फ्लोरेन्समधील आघाडीच्या शिल्पकारांकडून पित्ती राजवाड्यातील आपल्या दालनांसाठी धार्मिक विषयांवरील बारा ब्राँझगटांची मालिका करून घ्यायला सुरुवात केली. त्यातील मास्सिमिलियानो सोल्दानी-बेंत्सी याचा ‘इफ्ताहाच्या कन्येचे बलिदान’ हा गट आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, तर आगोस्तिनो कोर्नाक्कीनी याची, शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याचा वध करणारी ज्युडिथ सेंट लुईसच्या कलासंग्रहालयात आहे. (ज्युडिथचे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही, घरातल्या प्रतीत ते न सापडल्यास प्रत अपुरी आहे असे समजू नये.) इफ्ताह अम्मोन्यांवरील विजयाचा नवस फेडतो आणि ज्युडिथ वेढ्यात सापडलेले आपले गाव सोडवते. दोन्ही कथा युद्धाच्याच आहेत, पण सैन्य कोठेच नाही. लढाईचा सगळा भार दोन-तीन देहांवर टाकला आहे. हातभर उंचीच्या ब्राँझमध्ये युद्ध दाखवण्याची रीत हीच होती.

प्रश्न : मी शिल्पकलेची विद्यार्थिनी आहे. अशी शिल्पे संगमरवरात का करीत नसत? ती आतून पोकळ असतात का? आणि एकाच शिल्पाच्या अनेक प्रती असतील तर त्यांतली ‘मूळ’ कोणती म्हणावी? — कोल्हापूर

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाशिकच्या वाचकांच्या छायाचित्रातील तलवारीत आहे. संगमरवर दाब उत्तम सोसतो, पण वाकवणारा भार त्याला सोसत नाही. डोक्यावर उगारलेला हात आणि त्यापुढे वीतभर निघालेले पाते दगडात कोरले, तर ते स्वतःच्याच वजनाने किंवा पहिल्याच धक्क्याने खांद्याशी मोडेल. म्हणून दगडातल्या मूर्तीला पायाशी झाडाचा बुंधा, वस्त्राचा झोळ किंवा ढाल अशी काहीतरी टेकण द्यावी लागते. बेर्निनीनेही दाविदाच्या पायाशी त्याने टाकून दिलेले चिलखत ठेवले आहे, ते निव्वळ कथेसाठी नाही. ब्राँझ ताण सोसते. त्यामुळे आपल्या शिल्पात दावीद एका पायाच्या चवड्यावर आणि दुसऱ्या पायाने गल्याथाच्या छातीवर तोललेला असूनही पाठीमागे कसलाच आधार नाही. असे शिल्प पाहताना मी आधी चेहरा पाहत नाही. वरच्या टोकापासून वजन कोठून कोठून उतरत चौथऱ्यापर्यंत जाते ते बोटाने हवेत रेखून पाहतो. येथे ते तलवारीच्या टोकापासून मनगट, खांदा, पिळलेली कंबर, ताठ गुडघा असे उतरते आणि शेवटी शत्रूच्या बरगड्यांवर येते. गल्याथ हाच या मूर्तीचा बुंधा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. धड आणि मांड्या पोकळ असतात, हात आणि बारीक अवयव पुष्कळदा भरीव. फ्लोरेन्सच्या कार्यशाळांत मूळ नमुना मातीचा किंवा मेणाचा करीत, त्यावरून प्लास्टरचा अनेक तुकड्यांचा साचा घेत आणि त्या साच्याच्या आतून काही मिलिमीटर जाडीचा मेणाचा थर देत. मधल्या पोकळीत माती आणि प्लास्टरचा गाभा भरला की साचा तुकड्यातुकड्याने सोडवून घेता येई, आणि मूळ नमुना शाबूत राही. मेणाच्या या प्रतीवरून शिल्पकार पुन्हा हात फिरवी. मग धातू आत जाण्याच्या आणि हवा बाहेर पडण्याच्या वाटा मेणाच्याच काड्यांनी जोडून सगळ्यावर मातीचा जाड लेप चढवीत, तो भाजून मेण वितळवून काढीत आणि त्या रिकाम्या जागेत सुमारे हजार अंश सेल्सिअसच्या घरातील तप्त धातू ओतीत. मेण निघून गेल्यावर गाभा जागचा हलू नये म्हणून त्यातून धातूच्या खिळ्या आरपार घातलेल्या असत. ओतकाम झाल्यावर त्या काढून भोके गोल तुकड्यांनी बुजवावी लागत. दुसऱ्या छायाचित्रात दाविदाच्या डाव्या मांडीच्या मागे मसुराच्या दाण्याएवढा किंचित फिकट ठिपका दिसतो, तो असाच बुजवलेला खिळीचा माग असावा. उजव्या दंडावरची केसाएवढी आडवी रेघही पाहावी : हात वेगळा ओतून तेथे जोडला आहे. तलवार तर बहुधा वेगळीच केलेली असते, आणि मूर्ती हाताळताना सर्वांत आधी मोडते तीही तलवारच, म्हणून जुन्या ब्राँझगटांत नंतर बसवलेल्या तलवारी पुष्कळ सापडतात.

साच्यातून निघालेला ब्राँझ खडबडीत, काळवंडलेला, काड्यांचे खुंट अंगावर घेऊन आलेला असतो. त्यानंतरचे काम कंटाळवाणे आणि महत्त्वाचे असते : खुंट छाटायचे, भोके बुजवायची, कानशीने घासायचे, छिन्नीने केसांच्या बटा, नखे, चिलखताचे खवले पुन्हा रेखायचे. एकाच साच्यातून निघालेल्या दोन प्रतींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो येथे. सोल्दानी हा मुळात नाणी आणि पदके करणारा, मेदिचींच्या टांकसाळीचा प्रमुख होता, आणि त्याच्या ब्राँझवरचे छिन्नीकाम पदकावरच्या कामाइतकेच बारीक आहे. शेवटी तांबूस-सोनेरी झाक देणारा पारदर्शक लेप चढवीत; फ्लोरेन्सच्या ब्राँझचा उबदार तपकिरी रंग बराचसा त्या लेपाचा आहे.

‘मूळ’ या शब्दाबाबत मात्र आपल्याला थोडी सैल भूमिका घ्यावी लागेल. साचे जपून ठेवलेले असल्याने शिल्पकार स्वतःच वर्षानुवर्षे प्रती काढी आणि विकी. सोल्दानी लंडनमधील आपल्या दलालामार्फत इंग्रज ग्राहकांना ब्राँझ पुरवीत असे आणि ब्लेनहाइम राजवाड्यासाठी त्याने प्राचीन शिल्पांच्या मोठ्या ब्राँझप्रतीही केल्या. पुढे कार्लो जिनोरीने १७३० च्या दशकात फ्लोरेन्सजवळ दोच्चा येथे चिनी मातीचा कारखाना काढला, तेव्हा या शिल्पकारांच्या वारसांकडून त्याने जुने नमुने आणि साचे विकत घेतले, आणि तीच शिल्पे पांढऱ्याशुभ्र पोर्सेलीनमध्ये पुन्हा अवतरली. तेव्हा शिल्पकाराच्या हयातीत, त्याच्याच साच्यातून, त्याच्याच देखरेखीखाली निघालेल्या सर्व प्रती मूळच मानणे रास्त. खरी पंचाईत होते ती तयार ब्राँझवरूनच साचा घेऊन काढलेल्या प्रतींची. ब्राँझ थंड होताना सुमारे दीड ते दोन टक्के आक्रसतो, त्यामुळे अशी प्रत मूळ ब्राँझहून तेवढी लहान भरते आणि तिच्यावरचा तपशील साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा बोथट दिसतो. ४० सेंटिमीटर उंचीच्या शिल्पात हा फरक ६ ते ८ मिलिमीटरांचा असतो. शंका आली, की जाणकार मंडळी आधी मोजपट्टी काढतात.

प्रश्न : ब्राँझला मराठीत ‘कांसे’ म्हणावे की ‘पंचरसी धातू’? आमच्याकडे यावरून वाद झाला. — सातारा

उत्तर : दोन्ही शब्द अडचणीचे आहेत. पाय घासण्याची काशाची वाटी आपल्या घरात असेल. ती तांबे आणि कथील यांचीच, पण तिच्यात कथील शेकडा वीसच्या वर असते, म्हणून ती टणक असते, वाजवल्यास खणखणते आणि पडल्यास तडकते. मूर्तीसाठी कथील शेकडा दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवतात आणि थोडे जस्त किंवा शिसेही घालतात, म्हणजे धातू साच्याच्या कानाकोपऱ्यांत वाहतो आणि नंतर छिन्नीखाली नीट कापला जातो. पंचरसी हा आपल्या देवमूर्तींचा शब्द आहे, तो फ्लोरेन्सच्या दाविदाला लावणे विचित्र दिसेल. येथे ‘ब्राँझ’च लिहावे, हे माझे मत. गंमत अशी, की मराठी बायबलमध्ये गल्याथाचा टोप आणि चिलखत पितळेचे म्हटले आहे. कथेच्या काळाचा विचार करता ते ब्राँझचेच असणार. पाच हजार शेकेल, म्हणजे सुमारे ५७ किलोचे चिलखत. लोखंड फक्त भाल्याच्या पात्याला. तेव्हा ब्राँझचा गल्याथ ओतणाऱ्या शिल्पकाराला निदान चिलखताचा धातू बदलावा लागला नाही.

शब्द परके असले तरी कृती परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून धातू ओतण्याची रीत दिली आहे, आणि मूर्तीसाठी लागलेल्या मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यायचा तेही सांगितले आहे. आपल्याकडचे जुने ओतारी याच रीतीने काम करीत आले आहेत.

प्रश्न : हे सर्व पाहायला युरोप-अमेरिकेलाच जावे लागते का? आमच्या जवळपास असे काही आहे काय? — कुडाळ

उत्तर : आपण तर सर्वांत जवळ आहात. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. चांदीच्या पेटीकडे पाहत भाविकांची रांग पुढे सरकते, आणि ती पेटी ज्या संगमरवरी आणि रंगीत पाषाणांच्या चौथऱ्यावर ठेवली आहे त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पेटी सतराव्या शतकातील गोव्याच्या सोनार-कारागिरांनी घडवली आहे. चौथरा मात्र फ्लोरेन्सचा आहे. वर उल्लेखलेल्या आन्ना मारिया लुईसाच्या वडिलांनी, तिसऱ्या कोसिमोने, तो भेट म्हणून पाठवला आणि १६९८ मध्ये तो येथे उभारला गेला. सुटे भाग जहाजाने आणून जोडण्यासाठी प्लाचिदो रांपोनी नावाचा कारागीर फ्लोरेन्सहून सोबत आला होता. त्याचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी (१६५२-१७२५).

फोज्जिनी हा या पत्रव्यवहाराच्या विषयाचाच माणूस आहे. कोसिमोने त्याला तरुणपणी रोमला शिकायला धाडले, तेथे एर्कोले फेर्राताच्या हाताखाली तो शिल्पकला शिकला आणि परतल्यावर काही वर्षांनी दरबारी शिल्पकार होऊन फ्लोरेन्सच्या बोर्गो पिंती रस्त्यावरील, एकेकाळी जांबोलोन्याच्या असलेल्या कार्यशाळेत त्याने भट्टी पेटवली. छोट्या ब्राँझगटांत त्याचा हातखंडा होता. ग्रीक पुराणकथांवरील त्याच्या गटांपैकी अपोलो आणि मार्सियास लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे, लाओकून लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. गोव्याच्या समाधीवर चार बाजूंना त्याने केलेली ब्राँझची चार उठावशिल्पे आहेत : झेवियर प्रवचन करीत आहेत, बाप्तिस्मा देत आहेत, चीनजवळच्या सांचियान बेटावर प्राण सोडत आहेत, आणि मोरो बेटांवरील रहिवाशांच्या हल्ल्यातून निसटत आहेत.

युद्धप्रसंगाच्या सर्वांत जवळचा म्हणून हा शेवटचा, हल्ल्याचा फलक शोधावा. प्रसंग बायबलमधला नाही, पण रीत तीच आहे : थोडे देह, पिळलेल्या कमरा, उगारलेले हात, आणि घाव पडण्याच्या आधीचा क्षण. फरक एवढाच, की येथे देह पाठीमागच्या पत्र्यात अर्धे बुडालेले आहेत, त्यामुळे तोल सांभाळण्याची चिंता शिल्पकाराला नाही, आणि तो हातापायांची गर्दी अधिक मोकळेपणाने करू शकतो. फलक डोळ्यांच्या बऱ्याच वर आहेत आणि आत उजेड बेताचाच असतो, म्हणून छोटी दुर्बीण बरोबर ठेवावी. दाविदाच्या शिल्पाभोवती जसे फिरता येते तसे येथे फिरता येत नाही. ज्या बाजूला उभे राहायला मिळेल तेथून जो फलक दिसेल तो आधी पाहावा, आणि गर्दी कमी झाली की दुसऱ्या बाजूला जावे.